बाकामागे उभी असलेली माणसं

23 मार्च 2025. मिनियापोलिसच्या रिडर अरीनात अमेरिकी विद्यापीठांच्या महिला आइस हॉकीचा अंतिम सामना शेवटच्या मिनिटात आला होता. ओहायो स्टेट 3, विस्कॉन्सिन 2. विस्कॉन्सिननं गोलरक्षक बाहेर बोलावून तिच्या जागी आणखी एक चढाईची खेळाडू उतरवली होती. मागे गोल उघडा. ओहायो स्टेटच्या गोलासमोर एकच झटापट झाली, पक, म्हणजे खेळाची चकती, नक्की कुठे आहे ते प्रेक्षकांना दिसेना. मग विस्कॉन्सिनच्या बाकावरून त्या प्रसंगाची फेरतपासणी मागण्यात आली. व्हिडिओत दिसलं की, गोलासमोरच्या राखीव जागेत ओहायो स्टेटच्या एका खेळाडूनं पक हातानं झाकला होता. गोलरक्षकाशिवाय दुसऱ्या कुणी तिथे हे केलं तर नियमानं पेनल्टी शॉट मिळतो. विस्कॉन्सिनची कर्स्टन सिम्स एकटी पक घेऊन निघाली आणि 18.9 सेकंद शिल्लक असताना बरोबरी झाली. जादा वेळेत तिसरं मिनिट पुरं व्हायच्या आत तिनंच विजयी गोल केला. विस्कॉन्सिनचं ते आठवं राष्ट्रीय विजेतेपद.

सिम्सचं नाव सगळीकडे गाजलं आणि ते अगदी रास्त होतं. पण सामना फिरवणारे काही निर्णय बर्फावर झालेच नव्हते. गोलरक्षक नेमकी कधी बाहेर काढायची? फेरतपासणी मागायची का? मागणी फसली तर संघाच्या हातचा टाइमआउट जातो. आणि पेनल्टी शॉटला कुणाला पाठवायचं? हे सगळं ठरलं राखीव खेळाडूंच्या बाकामागच्या अरुंद पट्टीवर. तिथे उभ्या असणाऱ्या तीन-चार माणसांची नावं सामना पाहणाऱ्या बहुतेकांना सांगता येणार नाहीत.

महाविद्यालयीन महिला आइस हॉकी समजून घ्यायची तर या माणसांपासून सुरुवात करावी. कारण खेळाडू चार-पाच वर्षांत पदवी घेऊन जातात, विद्यापीठाचे अध्यक्ष आणि क्रीडासंचालक बदलतात, पण खेळाचं संचित या माणसांकडे राहतं.

ही आइस हॉकी आपल्या मैदानी हॉकीहून पुष्कळ वेगळी. 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद बर्फ, भोवती कठडा आणि त्यावर काच, ही रिंक. गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूला सहा जणी. 20-20 मिनिटांचे तीन भाग. स्टिकनं मारायची ती कडक रबराची चपटी चकती, म्हणजे पक. खेळ इतका वेगवान की 40-45 सेकंद जीव तोडून स्केटिंग केलं की खेळाडूला दम लागतो. म्हणून खेळ चालू असतानाच खेळाडू बदलत राहतात. आघाडीच्या तिघी कठड्याकडे येतात, दुसऱ्या तिघी कठडा ओलांडून आत उतरतात. बचावाच्या जोड्यांचंही तसंच. एका सामन्यात एकेका संघाचे असे शंभराहून अधिक बदल होतात. एक बदल दोन सेकंद उशिरा झाला तर प्रतिस्पर्ध्याला मोकळं मैदान मिळतं. एक लवकर झाला तर जादा खेळाडू बर्फावर असल्याबद्दल शिक्षा होते.

हे सगळं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजीचा, क्षेत्ररक्षणाचा प्रशिक्षक वेगळा असतो, तशी इथेही कामं वाटलेली असतात. फरक एवढाच की, इथे ती सामना चालू असताना, सेकंदासेकंदाला करावी लागतात. बहुतेक संघांत एक सहायक आघाडीच्या तुकड्या हाताळतो आणि दुसरा बचावाच्या जोड्या. प्रतिस्पर्धी संघाची सर्वांत धोकादायक तुकडी बर्फावर आली की तिच्यासमोर आपली कोणती जोडी उभी करायची, हा मुख्य प्रशिक्षकाचा डाव. खेळ थांबल्यावर शेवटचा बदल करण्याचा हक्क यजमान संघाचा असतो, त्यामुळे घरच्या बर्फावर हा डाव सोपा जातो. परगावी मात्र डोकं लढवावं लागतं. आणखी एक जण अनेकदा वर, पत्रकार कक्षाच्या उंचीवर बसलेला असतो. खालून न दिसणारी रचना वरून दिसते, आणि ती हेडफोनवरून खाली कळवली जाते.

गोलरक्षकांच्या प्रशिक्षकाचं जग निराळंच. संघात गोलरक्षक साधारण तिघी, त्यांतली खेळते एक. उरलेल्या दोघींनी आठवड्यामागून आठवडे सराव करायचा, तयार राहायचं आणि बाकावर बसायचं. त्यांची हिंमत टिकवणं हे तंत्र शिकवण्याइतकंच मोठं काम. गोल खाल्लेल्या मुलीला भागांमधल्या मध्यंतरात काय सांगायचं आणि काय अजिबात सांगायचं नाही, हे जाणणारा माणूस संघाला मोलाचा असतो. तरीही कित्येक वर्षं अनेक विद्यापीठांत हे काम स्वयंसेवकच करत होते. नियमानं पगारी प्रशिक्षकांची संख्या ठरलेली होती आणि तिच्यापलीकडे एक ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ ठेवता येई. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेनं पहिल्या श्रेणीतलं हे बिनपगारी पद 2023 मध्ये बंद केलं. बाहेरच्या जगानं त्याची फारशी दखल घेतली नाही, पण बाकामागे उभ्या असलेल्या कितीतरी जणींच्या घरखर्चाशी त्याचा थेट संबंध होता. दिवसा दुसरी नोकरी आणि संध्याकाळी रिंक, असं वर्षानुवर्षं कोण करू शकतं? ज्याच्या घरची परिस्थिती बरी आहे तोच. बाकीचे गुणी लोक गळून जातात.

प्रशिक्षकांच्या बरोबरीनं राबणारी आणखी एक फळी असते. बसची वेळ, हॉटेल, जेवण, बर्फाच्या तासांचं वेळापत्रक पाहणारा व्यवस्थापक. स्केट्सना धार लावणारा, तुटलेल्या स्टिक बदलणारा, साहित्य सांभाळणारा माणूस. दुखापती पाहणारा ट्रेनर. व्यायामाचा प्रशिक्षक. स्केटची धार प्रत्येकीला वेगळी लागते, आणि ती बिघडली तर जगातली उत्तम खेळाडूही वळणावर घसरते.

आठवड्याचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. या पातळीवर अनेक सामने शुक्रवार-शनिवार असे जोडीनं होतात, तेही त्याच प्रतिस्पर्ध्याशी. शुक्रवारी रात्री सामना संपला की खेळाडू झोपायला जातात, प्रशिक्षक लॅपटॉप उघडतात. प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या पॉवर प्लेला (त्यांची खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या चढाईला) कसं रोखलं, त्यांचा बचाव कुठून फुटतो, आपल्या दुसऱ्या तुकडीला पक बाहेर का काढता येत नव्हता, हे सगळं व्हिडिओतून कापून सकाळपर्यंत छोट्या तुकड्यांत तयार ठेवायचं. विद्यार्थ्यांवर मात्र मर्यादा असतात. हंगामात आठवड्याला 20 तास आणि दिवसाला चार तास यांपेक्षा जास्त वेळ सक्तीचा सराव घेता येत नाही, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावीच लागते. प्रशिक्षकांच्या तासांना अशी मर्यादा कुणी घातलेली नाही.

आणि यातला मोठा वाटा खेळाडू हेरण्याचा. मिनेसोटा, ओंटारिओ, न्यू इंग्लंडमधल्या थंडगार रिंकच्या कडेला वही घेऊन बसलेले सहायक प्रशिक्षक हे तिथलं नेहमीचं दृश्य. पूर्वी आठवी-नववीतल्या मुलींनाही विद्यापीठं तोंडी शब्द देऊन टाकत. 2019 मध्ये नियम कडक झाले. आता दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या 15 जूनपर्यंत प्रशिक्षकांना मुलीशी भरतीविषयी बोलता येत नाही. पैशांचंही कोडं असतं. 2024-25 पर्यंत एका संघाला 18 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि संघात मुली असत साधारण पंचवीस. त्या 18 शिष्यवृत्त्या तोडून-वाटून कुणाला किती द्यायच्या, हे प्रशिक्षकच ठरवत. हार्वर्ड, प्रिन्स्टन, ब्राऊन अशा आयव्ही लीगच्या विद्यापीठांत तर खेळासाठी शिष्यवृत्ती मुळी देतच नाहीत. तिथल्या सहायकाला मुलीच्या आईवडिलांसमोर शिक्षणाचं मोल मांडावं लागतं.

विस्कॉन्सिनकडे परत येऊ, कारण तिथल्या मुख्य प्रशिक्षकाची गोष्ट या खेळाविषयी बरंच सांगते. मार्क जॉन्सन हे अमेरिकेत घरोघरी माहीत असलेलं नाव. 22 फेब्रुवारी 1980 रोजी लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या विद्यार्थ्यांच्या संघानं बलाढ्य सोव्हिएत संघाला 4-3 असं हरवलं. त्यातले दोन गोल जॉन्सन यांचे, आणि त्यांतला एक पहिला भाग संपायला एक सेकंद असताना मारलेला. त्यांचे वडील बॉब जॉन्सन यांनी विस्कॉन्सिनच्या पुरुष संघाला 1973, 1977 आणि 1981 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. 1977 च्या संघात मार्क स्वतः खेळले. पुढे व्यावसायिक हॉकी खेळून ते आपल्याच विद्यापीठाच्या पुरुष संघाचे सहायक झाले. 2002 मध्ये त्या संघाचं मुख्य पद रिकामं झालं. ते त्यांना मिळालं नाही. ते गेलं त्यांचे 1977 च्या संघातले सहकारी माइक ईव्हज यांच्याकडे. त्याच वर्षी जॉन्सन यांनी महिला संघ हाती घेतला. तो संघ तेव्हा अवघा तीन वर्षांचा होता.

त्यानंतरची राष्ट्रीय विजेतेपदं: 2006, 2007, 2009, 2011, 2019, 2021, 2023 आणि 2025. महाविद्यालयीन महिला हॉकीत 600 हून अधिक सामने जिंकलेला पहिला प्रशिक्षक. अनेकांनी ‘दुय्यम’ मानलेल्या पदावर एक नामवंत खेळाडू आला आणि दोन दशकांहून अधिक काळ तिथेच राहिला, याची मला फार किंमत वाटते. 2009-10 मध्ये व्हँकुव्हर ऑलिम्पिकसाठी अमेरिकेच्या महिला संघाची जबाबदारी जॉन्सन यांच्यावर आली. विस्कॉन्सिनच्या हिलरी नाइट आणि मेगन डगन याही त्या संघाबरोबर गेल्या. मागे राहिलेला संघ सांभाळला सहायक ट्रेसी डिकायझर यांनी. मुख्य माणूस नाही, बिनीच्या खेळाडू नाहीत, असं ते वर्ष. सहायकाच्या वाट्याला येणारी सर्वांत कठीण परीक्षा हीच, आणि ती कुठल्याच विजेत्यांच्या यादीत नोंदली जात नाही. पुढच्या वर्षी जॉन्सन परतले, नाइट आणि डगनही परतल्या, आणि विस्कॉन्सिन पुन्हा विजेता ठरलं.

आता दुलूथ. मिनेसोटा राज्यात सुपीरियर सरोवराच्या टोकाला वसलेलं हे बंदराचं शहर. तिथल्या विद्यापीठानं 1999 मध्ये महिला संघ उभा केला आणि शॅनन मिलर यांना बोलावलं. मिलर कॅनडाच्या. कॅलगरीत पोलीस अधिकारी म्हणून नोकरी केलेल्या. 1998 मध्ये नागानोला महिला हॉकी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली तेव्हा रौप्यपदक मिळवणाऱ्या कॅनडाच्या संघाच्या प्रशिक्षक त्याच होत्या. एनसीएएची महिला हॉकी स्पर्धा 2001 मध्ये सुरू झाली. पहिली तिन्ही विजेतेपदं दुलूथनं नेली, मग 2008 आणि 2010 ची.

मिलर यांनी केलेलं दुसरं काम मला विजेतेपदांइतकंच मोठं वाटतं. त्यांनी युरोपात जाऊन खेळाडू शोधले. स्वीडनची मारिया रूथ दुलूथला शिकली, गोलरक्षक किम मार्टिनही पुढे तिथेच गेली. 2006 च्या ट्युरिन ऑलिम्पिकमध्ये स्वीडननं उपांत्य फेरीत अमेरिकेला हरवलं, तेव्हा निर्णायक पेनल्टी रूथची होती आणि गोलात मार्टिन होती. महिला हॉकीत कॅनडा आणि अमेरिका यांच्याखेरीज तिसरा देश ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. मिनेसोटातल्या एका मध्यम आकाराच्या शहरातल्या प्रशिक्षकाच्या भरतीच्या वहीचा त्यात वाटा होता.

याच दुलूथमध्ये 2003 चा अंतिम सामना झाला. यजमान विरुद्ध हार्वर्ड. दोन जादा भागांपर्यंत ताणलेला तो सामना दुलूथनं 4-3 असा जिंकला. दुलूथकडून खेळत होती कॅनडाची कॅरोलिन वेलेट, हार्वर्डकडून अमेरिकेची ज्युली चू. दोघी आधीच ऑलिम्पिक खेळलेल्या, दोघी विद्यापीठात पहिल्या वर्षाला. पुढे वेलेटनं 2002 ते 2014 अशी सलग चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं पुरी केली. त्याच चार ऑलिम्पिकमध्ये चूच्या वाट्याला तीन रौप्य आणि एक कांस्य आलं. 2014 मध्ये सोचीच्या अंतिम सामन्यात वेलेट कॅनडाची कर्णधार होती. अमेरिका शेवटची चार मिनिटं उरेपर्यंत 2-0 नं पुढे होती, आणि जादा वेळेत 3-2 नं हरली. चू त्या हरलेल्या संघात होती.

मधल्या काळात वेलेट दुलूथमध्ये सहायक प्रशिक्षक झाली, चूही झाली. 2008 च्या विजेत्या दुलूथ संघाच्या प्रशिक्षकांत चूचं नाव आहे. बर्फावर एकमेकींविरुद्ध दशकभर खेळलेल्या या दोघी आयुष्यातही जोडीदार झाल्या, आणि मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या ‘स्टिंगर्स’ या महिला संघाच्या बाकामागे एकत्र उभ्या राहिल्या. चू मुख्य प्रशिक्षक, वेलेट तिच्याबरोबर. कॉन्कॉर्डियाचा संघ जुना आणि मानाचा. कॅनडात विद्यापीठांची राष्ट्रीय महिला स्पर्धा 1998 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिली दोन्ही विजेतेपदं याच संघानं जिंकली होती. त्या काळी संघाची धुरा होती लेस लॉटन यांच्याकडे, आणि ती त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ वाहिली. मग मोठा दुष्काळ पडला. तो संपला 2022 मध्ये, शार्लटटाउनला, चूच्या संघानं अंतिम सामन्यात निपिसिंगला 4-0 असं हरवलं तेव्हा. 2024 मध्ये पुन्हा विजेतेपद आलं.

विशीतल्या खेळाडूसाठी असा बाक म्हणजे काय, याचा विचार करून पाहावा. फेस-ऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना पकसाठी होणारी झुंज, कसा जिंकायचा हे सांगणारी बाई स्वतः ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात तो जिंकलेली आहे. हरल्यावर कसं उभं राहायचं हे सांगणारी दुसरी बाई तसा सामना हरूनही पुढच्या हंगामात रिंकवर परतलेली आहे. वेलेटला 2023 मध्ये टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, आणि तेव्हाही ती विद्यापीठातल्या मुलींना सराव देत होती.

असे धागे जागोजागी सापडतात. बोस्टन कॉलेजच्या मुख्य प्रशिक्षक केटी क्राउली या ब्राऊन विद्यापीठात डिजिट मर्फी यांच्या हाताखाली खेळलेल्या, 1998 च्या ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या अमेरिकी संघातल्या. 2007 मध्ये त्यांनी बोस्टन कॉलेज हाती घेतलं आणि साथीला राष्ट्रीय संघातली मैत्रीण कोर्टनी केनेडी घेतली. 2015-16 मध्ये त्यांच्या संघानं सलग 40 सामने जिंकले आणि फक्त एक हरला. दुर्दैवानं तो राष्ट्रीय अंतिम सामना होता. ओहायो स्टेटच्या नादीन मुझरॉल मिनेसोटा विद्यापीठात खेळाडू म्हणून विक्रमी गोल करून गेल्या, मग तिथेच ब्रॅड फ्रॉस्ट यांच्या सहायक झाल्या आणि चार विजेतेपदांत सहभागी होत्या. 2016 मध्ये त्यांनी ओहायो स्टेट घेतलं. तोवर या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही जागा मिळालेली नव्हती. 2022 आणि 2024 मध्ये तो विजेता झाला. सहायकाच्या खुर्चीत बसून पाहिलेली शिस्त मुख्य खुर्चीत कशी कामी येते, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणं कठीण.

न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम या छोट्या गावातल्या क्लार्कसन विद्यापीठाची तऱ्हा आणखी वेगळी. 2014 मध्ये क्लार्कसननं मिनेसोटाला 5-4 असं हरवून विजेतेपद मिळवलं, तेव्हा संघाला दोन मुख्य प्रशिक्षक होते: मॅट आणि शॅनन डेरोझिए, पती-पत्नी. त्याच वर्षी सोचीहून परतलेली मेगन डगन पुढे क्लार्कसनला सहायक प्रशिक्षक म्हणून गेली, आणि ते करत असतानाच अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाची कर्णधारही राहिली. 2018 मध्ये तिच्या नेतृत्वाखाली अमेरिकेनं वीस वर्षांनी ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकलं.

पण या खुर्च्या पक्क्या नसतात. डिसेंबर 2014 मध्ये, ऐन हंगामात, दुलूथ विद्यापीठानं शॅनन मिलर यांना कळवलं की त्यांचा करार पुढे चालू राहणार नाही. पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारी प्रशिक्षक. विद्यापीठानं आर्थिक कारण दिलं. मिलर न्यायालयात गेल्या. 2018 मध्ये संघराज्य न्यायालयाच्या ज्युरीनं निर्णय दिला की, स्त्री असल्यामुळे त्यांच्याशी भेदभाव झाला, आणि महिला संघाला मिळणाऱ्या असमान वागणुकीबद्दल तक्रार केल्याचा सूड त्यांच्यावर उगवला गेला. भरपाई सुमारे 37 लाख डॉलर. दुलूथच्या बाकामागे त्या परतल्या नाहीत. 2023 मध्ये मात्र त्या जागी लॉरा शूलर आल्या. 1998 मध्ये नागानोत मिलर यांच्या संघातून खेळलेल्या.

कधी खुर्चीच काय, संघच नाहीसा होतो. मार्च 2017 मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठानं खर्चाचं कारण देऊन महिला हॉकी बंद केली. ज्या लामुरू जुळ्या बहिणी तिथे घडल्या, त्यांपैकी मोनिकनं पुढच्याच वर्षी ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल केला आणि जोसलिननं निर्णायक पेनल्टी मारली. पिट्सबर्गजवळच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठानं मे 2021 मध्ये हेच केलं. तो महिला संघ दोनच महिन्यांपूर्वी राष्ट्रीय स्पर्धेत खेळला होता. तिथे माजी खेळाडू आणि गावकऱ्यांनी पैसे उभे केले आणि 2023 मध्ये संघ परत बर्फावर उतरला. मुख्य प्रशिक्षक म्हणून आला पूर्वीचा सहायक, लोगन बिटल.

प्रशिक्षकाच्या हातात येणाऱ्या सत्तेचाही विचार करायला हवा. कोण खेळणार, कुणाला शिष्यवृत्ती, कुणाची शिफारस, हे सगळं वीस वर्षांच्या मुलींच्या बाबतीत एका माणसाच्या मर्जीवर असतं. हार्वर्डच्या केटी स्टोन यांनी तीन दशकांच्या आसपास संघ चालवला, 500 हून अधिक सामने जिंकले, आणि अमेरिकेच्या ऑलिम्पिक महिला हॉकी संघाची मुख्य प्रशिक्षक झालेली पहिली स्त्री असा मान मिळवला. 2023 च्या सुरुवातीला काही माजी खेळाडूंच्या त्यांच्या वागणुकीविषयीच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या. स्टोन यांनी आरोप नाकारले आणि जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर विद्यापीठावर त्यांनी दावाही केला. वादाचा निवाडा काहीही होवो, मुलींना मोकळेपणी बोलता येईल अशी एखादी व्यक्ती प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकांत असलीच पाहिजे. अनेकदा ती व्यक्ती म्हणजे वयानं सर्वांत लहान सहायक असते.

1 जानेवारी 2024 ला पीडब्ल्यूएचएल ही उत्तर अमेरिकेतली महिला व्यावसायिक लीग सुरू झाली आणि तिनं प्रशिक्षक शोधले ते विद्यापीठांतच. बोस्टनला प्रिन्स्टनच्या सहायक कोर्टनी केसल गेल्या. ओटावाला कॅलगरी विद्यापीठाच्या कार्ला मॅक्लाउड. न्यूयॉर्कला अल्बर्टा विद्यापीठाचे हाउई ड्रेपर, जे एका हंगामानंतर पुन्हा आपल्या विद्यापीठात परतले. मॉन्ट्रियलची सूत्रं घेणाऱ्या कोरी शेव्हरी यांनी 2016 मध्ये टोरंटोच्या रायरसन विद्यापीठाच्या पुरुष संघात पूर्णवेळ सहायक म्हणून काम सुरू केलं होतं. कॅनडाच्या विद्यापीठीय पुरुष हॉकीत अशी नेमणूक झालेल्या त्या पहिल्या स्त्री.

अमेरिकेत शिक्षणसंस्थांमधला लिंगभेद रोखणारा ‘टायटल नाइन’ कायदा 1972 मध्ये आला. तेव्हा महाविद्यालयांतल्या सर्व खेळांच्या महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. कायद्यामुळे पैसा आला, पगार वाढले, प्रतिष्ठा आली, आणि त्या पदांवर पुरुषही येऊ लागले. 2014 पर्यंत स्त्रियांचा वाटा 43 टक्क्यांवर उतरला होता. हॉकीतला हिशेबही असाच. 2001 ते 2025 या काळात एनसीएएची 24 महिला विजेतेपदं झाली (2020 ची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली). ती फक्त पाच विद्यापीठांत वाटली गेली आहेत. त्यांपैकी 14 वेळा मुख्य प्रशिक्षक पुरुष होता, नऊ वेळा स्त्री, आणि एकदा दोघं मिळून. जॉन्सन यांच्यासारख्या प्रशिक्षकानं या खेळाला जे दिलं त्याबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. पण 2001 मध्ये नव्हती अशी एक गोष्ट आज आहे: महाविद्यालयात खेळलेल्या, ऑलिम्पिक पाहिलेल्या, दहा-दहा वर्षं सहायक म्हणून व्हिडिओ कापत बसलेल्या आणि गावोगावच्या रिंकवर खेळाडू हेरत फिरलेल्या स्त्रियांची एक पूर्ण पिढी. यापुढे मुख्य पद रिकामं झालं की विद्यापीठांनी पहिला फोन त्यांना करावा, आणि पगार त्याच विद्यापीठातल्या पुरुष संघाच्या प्रशिक्षकाइतका द्यावा.